आक्काचं खाल्लेलं कुठं जात होतं

आमच्या आईनं आम्हा दोघी बहिणींना एकाच ताटात जेवायला बसवायचं कारण साधं होतं. घरात मोठी ताटं तीनच होती. एक वडिलांचं, एक आईचं आणि एक आमचं. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती भराभर जेवायची, मी सावकाश. तरी ताट रिकामं होईपर्यंत तिच्या तीन भाकरी आणि माझी दीड, हे ठरल्यासारखंच असायचं. आणि मी होते गोल, ती वाळक्या काटकीसारखी.

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतल्या आमच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. शेजारच्या बायका आईला विचारायच्या, "थोरलीला उपाशी ठेवतीस व्हय गं?" आई म्हणायची, "धाकटीच्या अंगाला लागतं, थोरलीच्या न्हाय लागत. त्याला मी काय करू?" माझ्यासाठी तो पहिला शास्त्रीय सिद्धांत होता. अन्न काहींच्या अंगाला लागतं, काहींच्या लागत नाही. पण जे लागत नाही, ते जातं कुठं? हा प्रश्न मी आईला विचारला तेव्हा तिनं मला भांडी घासायला पाठवलं.

वडील उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला होते, रोज सायकलनं जायचे. आई शेतमजुरीला. आक्का सातवीत असताना आई आजारी पडली आणि घर आक्कावर आलं. शाळा सुटली ती सुटलीच. संध्याकाळी मी विहाराच्या पायरीवर बसून अभ्यास करायची, कारण तिथं दिवा चांगला होता, आणि आक्का घरी भाकऱ्या थापत असायची. वडील म्हणायचे, "एक तरी शिकू दे." ती एक म्हणजे मी, हे आक्कानं कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र विसरले नाही.

ब्याण्णव साली आक्काचं लग्न झालं, इचलकरंजीला. दाजी यंत्रमागावर कामाला होते, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आक्काही लवकरच कांड्या भरायला जाऊ लागली. मागाच्या धोट्यात जी सुताची बारीक कांडी बसते, ती मशीनवर भरायचं काम. धागा तुटला की झटकन गाठ मारायची आणि पुढं जायचं. तिचे हात त्या कामात फार चलाख होते असं दाजी कौतुकानं सांगायचे. मी इकडे बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, कोल्हापुरात एका हायस्कूलात विज्ञान शिकवायला लागले. लग्न झालं, मुलगी झाली. आणि बाळंतपणानंतर जे वजन चढलं ते उतरायचं नाव घेईना.

सन दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ही गोष्ट घडली. शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. माझं वजन अडुसष्ट किलो भरलं आणि साखर काठावर निघाली. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, "व्यायाम सुरू करा, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील." मी राजारामपुरीतल्या एका तळघरातल्या जिममध्ये नाव घातलं. सकाळी दहा ते बारा फक्त बायकांसाठी. तिथं दोन ट्रेडमिल होत्या, आणि त्या चालल्या की समोरच्या पडद्यावर लाल आकडे पळायचे. वेळ, अंतर, वेग आणि कॅलरी. त्या शेवटच्या आकड्यानं मला वेड लावलं. मुलांना मी फळ्यावर कॅलरी शिकवत होते: एक ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशानं वाढवायला लागणारी उष्णता; यंत्रावरची कॅलरी त्याच्या हजारपट. आणि इथं एक यंत्र मला सांगत होतं की माझ्या अंगातून अमुक इतकी उष्णता आत्ता खर्च झाली. ते याला कसं कळलं? मला ना वायर लावली होती, ना नळी.

त्याच मे महिन्यात आक्का दोन्ही मुलांना घेऊन माझ्याकडे राहायला आली. इचलकरंजीत मंदी होती, ती जिथं जायची तो कारखाना बंद पडला होता. आई गेल्यापासून माझं घर हेच तिचं माहेर. मी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "आक्के, किती बारीक झालीस!" खरं सांगायचं तर त्यात काळजी कमी आणि हेवा जास्त होता.

"बारीक कवा न्हवते?" ती हसून म्हणाली आणि पिशवी ठेवून थेट स्वयंपाकघरात गेली.

जेवायला बसल्यावर तिनं पाच भाकऱ्या खाल्ल्या. मी मोजल्या, कारण त्या दिवसांत मी सगळंच मोजत होते. पाच भाकऱ्या, दोन वाट्या आमटी, वर भात. मी एका भाकरीवर थांबले आणि काकडी खात बसले. वजनकाटा मी नवीनच आणला होता. जेवण झाल्यावर तिला त्यावर उभं केलं. चव्वेचाळीस.

"तुझं कुठं जातं गं हे सगळं?" मी विचारलं.

ती काट्यावरून उतरली. मग म्हणाली, "आमच्या सासूबाई बी ह्येच इचारत्यात. म्हणत्यात, हिचं खाल्लेलं जातंय कुठं? पोरांच्या तोंडचं खाती आणि अंगावर दिसत बी न्हाय."

ती हसतच म्हणाली, म्हणून मीही हसले. आज वाटतं, हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला जिमला नेलं. साडीत ट्रेडमिलवर चढू देत नव्हते, म्हणून माझा पंजाबी ड्रेस दिला. तो तिच्या अंगावर दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता. पट्टा सुरू झाला तशी ती दोन्ही हातांनी दांडा धरून ओरडली, "अगं, जमीन पळतीया की!" तळघरातल्या सगळ्या बायका हसल्या. पण दोन मिनिटांत तिला ते जमलं. शेजारच्या पट्ट्यावर मी. दोघींचा वेग सारखा, वेळ सारखी, वीस मिनिटं. उतरल्यावर मी दोन्ही पडदे पाहिले. माझ्या पडद्यावर ब्याऐंशी कॅलरी. तिच्या पडद्यावरही ब्याऐंशी.

मी बघतच राहिले. माझ्या अंगावर घामाच्या धारा होत्या. ती माझ्याहून चोवीस किलोनं हलकी. दोघींचं सारखं कसं?

आक्का पदर शोधायला गेली, ओढणी हाताला लागली, तिनं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "त्या मशीनला काय ठावं, वर कोण उभं हाय ते?"

तिनं सहज म्हटलं, पण ते तंतोतंत खरं होतं. जिममधल्या शिकवणाऱ्या मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, सुरुवातीला वजन घालायला पाहिजे. नाही घातलं तर मशीन सत्तर किलोच धरून चालतं." म्हणजे इतके दिवस ते यंत्र कुणा एका सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब मला दाखवत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही वजनं घातली. तेवढाच वेळ, तेवढाच वेग. माझे ऐंशी, तिचे बावन्न.

यावर आक्का खूश झाली नाही. घरी येताना रिक्षात ती विचार करत बसली होती. मग म्हणाली, "म्हंजे तुझं जास्त जळतंय, तरी तू जाड. माझं कमी जळतंय, तरी मी काटकी. तुझं शास्त्र उलटं हाय बग."

मी तिला समजावलं की जास्त वजन ओढायला जास्त शक्ती लागते. हापशावरून दोघी पाणी घेऊन निघाल्या, एकीच्या डोक्यावर मोठी घागर, एकीच्या डोक्यावर कळशी, तर मोठ्या घागरीवालीचा जीव जास्त निघणारच. मी माझी घागर अंगावरच घेऊन हिंडते. तिला ते पटलं. पण मग पाच भाकऱ्यांचं काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंत्राकडेही नव्हतं. त्याला वजन कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं. चालणारी रोज चालणारी आहे की आजच चालायला लागली आहे, तिच्या अंगात मांस किती आणि चरबी किती, वय काय, झोप झाली का, यातलं ते काहीच विचारत नव्हतं.

मग मी स्वतःच शोधायचं ठरवलं. शाळेत नववीला आम्ही एक प्रात्यक्षिक घ्यायचो. आधी नाडी मोजायची, मग जागेवर उड्या मारायच्या, परत मोजायची. आम्ही राहत होतो ती इमारत तीन मजली होती, तळापासून गच्चीपर्यंत बेचाळीस पायऱ्या. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघी न थांबता वर गेलो. मी आक्काचं मनगट धरलं. तिन्ही मुलं भोवती कोंडाळं करून उभी. नवऱ्यानं खालून विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "शास्त्र."

माझी नाडी एकशे तीस. आक्काची एकशे चाळीस. विशेष काही नाही. आम्ही गच्चीच्या कठड्याला टेकून दहा मिनिटं बसलो. परत मोजलं. माझी ब्याऐंशीवर आली होती. आक्काची एकशे अठरा.

"चुकलं असंल," आक्का म्हणाली.

मी परत मोजलं. एकशे अठरा. बोटाखाली ती नाडी अशी उडत होती की जणू आक्का अजून जिनाच चढत आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंथरुणातून उठायच्या आत मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि मनगट हातात घेतलं. ती डोळे न उघडता पुटपुटली, "काय पिसाळलीयास काय गं." मी पूर्ण एक मिनिट मोजलं. एकशे चौदा. मग माझी स्वतःची मोजली. चौऱ्याहत्तर.

मला काय झालं ते कबूल केलं पाहिजे. मला आनंद झाला. सापडलं, असं वाटलं. आक्काचं खाल्लेलं कुठं जातं ते सापडलं! झोपलेली असतानासुद्धा तिचं अंग चालल्यासारखं राबत होतं. गाडी उभी आहे पण इंजिन गुरगुरत आहे आणि डिझेल जळत आहे, तसं. व्यायामाचे वीस मिनिटांतले आकडे हे एवढेसे, खरा खर्च उरलेल्या सगळ्या दिवसात होता. मी ते वहीत लिहून ठेवलं, दोन्ही आकडे चौकटीत घातले आणि नाश्त्याला सगळ्यांना सांगितलं. आक्काला मी म्हटलं, "नशीबवान आहेस. झोपेतसुद्धा वजन कमी होतंय तुझं." ती म्हणाली, "असलं नशीब कुणाला पायजे? मला रात्री झोपच लागत न्हाय." मी तेही वहीत लिहिलं. कुतूहलाला डोळे असतात, पण कधी कधी ते फक्त वहीकडे बघतात.

रंकाळ्यावर फिरायला येणारे एक म्हातारे डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांचा दवाखाना पूर्वी माझ्या कोल्हापुरातल्या घराच्याच गल्लीत होता, आता बंद केला होता. रविवारी ते भेटले तेव्हा मी मोठ्या उत्साहानं माझा शोध सांगितला. आक्का थोडी मागं, मुलांना भेळ घेऊन देत होती. डॉक्टर ऐकत राहिले. मला वाटलं होतं, ते म्हणतील, वा बाई, छान निरीक्षण. त्यांनी उलट प्रश्न विचारला.

"तिला गरम फार होतं का?"

मी थबकले. घरात पंख्यावरून रोज भांडण होत होतं. आक्का पंखा पाचवर ठेवायची, मी पांघरूण घ्यायची. ती म्हणायची, इचलकरंजीत पत्र्याखाली राहून अंगात ऊन भरलंय.

"हात कापतात का?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "माहीत नाही."

"तिला बोलवा की इकडे."

आक्का आली. अनोळखी माणूस पाहून तिनं पदर सावरला. डॉक्टरांनी तिला कठड्यावर बसवलं आणि दोन्ही हात समोर लांब करून बोटं पसरायला सांगितली. मग खिशातून घडी केलेला कागद काढला, कसली तरी यादी होती, तो उलगडून तिच्या हातांवर ठेवला. कागद थरथरायला लागला. वारा नव्हता. त्याच्या कडा फडफडत होत्या, जसे पाखराचे पंख. आक्कानं तो थांबवायचा प्रयत्न केला, दात आवळले, तरी थांबेना.

"किती दिवस झाले हे?" डॉक्टरांनी विचारलं.

आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन वर्सं झाली असतील. कांड्या भरताना गाठ मारायला जमंना. धागा सुटाय लागला. मुकादम म्हणायचा, आता तुला दिसंना झालंय. मला दिसतंय, पर हात ऐकंना."

कारखाना बंद पडायच्या आधीच तिला काम सोडावं लागलं होतं. मंदीचं तिनं मला फक्त निमित्त सांगितलं होतं. तिचे चलाख हात तिला सोडून गेले होते आणि ती ते कुणाला सांगत नव्हती.

डॉक्टरांनी तिला पाण्याचा घोट घ्यायला सांगितलं आणि तिच्या गळ्याकडे बघितलं. गिळताना गळ्याच्या मध्यावर काहीतरी हललं, छोट्या बोराएवढं. मी महिनाभर तिच्याबरोबर जेवत होते, मला ते दिसलं नव्हतं. मी तिच्या भाकऱ्या बघत होते.

"उद्या रक्त तपासा," डॉक्टर मला म्हणाले. "थायरॉइड. शिकवता ना मुलांना?"

शिकवत होते. गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी, शरीराचा वेग ठरवते, असं एक वाक्य पुस्तकात होतं. परीक्षेला 'रिकाम्या जागा भरा'मध्ये यायचं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. कागदावर आकडे होते आणि शेजारी 'असायला हवेत ते' आकडे होते, आणि दोघांचा मेळ कुठंच नव्हता. आम्ही शाहूपुरीतल्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या फार शांत होत्या. त्यांनी सांगितलं की ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करते आहे, त्यामुळे शरीर दिवसरात्र जाळतं आहे. भूक जास्त, वजन कमी, छाती धडधडते, झोप नाही. वेळीच कळलं, नाहीतर हृदयावर ताण आला असता. गोळ्या दीड-दोन वर्षं, आणि मध्ये मध्ये तपासणी.

आक्का ऐकत होती. तिनं एकच प्रश्न विचारला. "म्हंजे मी हावरट न्हवते?"

डॉक्टरीणबाईंना तो प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आक्कानंच पुढं सांगितलं, "घरात म्हणत्यात, ही खा-खा करती. मी चोरून खायची, बाई. भूक मावत न्हवती. सकाळी पोरांच्या डब्यातलं उरलेलं, रात्रीची शिळी भाकरी. मला वाटायचं, मलाच काय तरी वाईट खोड लागलीया."

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं शरीर मागत होतं."

बाहेर येऊन आम्ही रस्त्याकडेच्या बाकड्यावर बसलो. आक्का रडली नाही. मी रडले. ती मला म्हणाली, "तू का रडतीस? तुला काय झालंय?" मी तिला सांगायचा प्रयत्न केला की मला तिचा हेवा वाटत होता, महिनाभर, किंबहुना लहानपणापासून. ती म्हणाली, "हेवा कशाचा? ह्या हाडांचा?" आणि मग आम्ही दोघी हसलो. मग तिनं भूक लागल्याचं सांगितलं, आणि आम्ही मिसळ खाल्ली. तिनं तीन जादा पाव घेतले. मी मोजले नाहीत, पण लक्षात राहिले.

मी तिच्याबरोबर इचलकरंजीला गेले. सासूबाईंना रिपोर्ट वाचता येत नव्हता, पण त्यांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला. मी सोप्या शब्दांत सांगितलं. गळ्यात एक गाठ, ती अंगाला सारखी पळवते, म्हणून खाल्लेलं उरत नाही. म्हातारीनं रिपोर्टची घडी घालून तो परत दिला. मग म्हणाली, "आता मला काय म्हाईत. मी आपली बोलत गेलते." एवढंच. माफी वगैरे आमच्याकडं कुणी मागत नाही. पण नंतरच्या महिन्यात दाजींनी फोनवर सांगितलं की गोळीची वेळ झाली की म्हातारी स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते.

गोळ्यांचा गुण दोन-तीन महिन्यांत दिसायला लागला. हात थांबले. झोप लागायला लागली. भूक उतरली आणि वजन चढलं. दिवाळीपर्यंत आक्का एक्कावन्न किलो झाली आणि तिला तेही आवडेना. "बायका म्हणत्यात, सुख लागलं. ब्लाउज बसंनात." मी म्हटलं, "आता कळलं माझं दुःख?" पुढच्या वर्षी ती परत कांड्या भरायला जायला लागली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट राहिलीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आजार दोन-तीन वर्षांचा असावा. मग लहानपणी एका ताटात जेवतानाचं काय? तेव्हा तर तिच्या गळ्यात गाठ नव्हती. तेव्हा तिच्या तीन भाकऱ्या कुठं जात होत्या?

दीड वर्षानं गोळ्या बंद झाल्यावर आक्का तपासणीला आली तेव्हा आम्ही पुन्हा ते सगळं केलं. आता तिचं वजन त्रेपन्न, माझं चौसष्ट. सकाळची नाडी तिची बाहत्तर, माझी चौऱ्याहत्तर, म्हणजे जवळपास सारखीच. बेचाळीस पायऱ्या चढलो. माझी एकशे सव्वीस, तिची फक्त एकशे दोन. ती धापसुद्धा टाकत नव्हती. मी जिना चढताना माझे हात, खांदे, मान, सगळं चढत असतं. ती नुसती पायांनी चढते, डोक्यावर भरली घागर असल्यासारखी, काही सांडू न देता. इतकी वर्षं ओझी वाहून आणि उभ्यानं काम करून तिचं शरीर थोड्या शक्तीत जास्त काम करायला शिकलं होतं. म्हणजे तोच जिना, पण तिला माझ्याहून कमी खर्चाचा. व्यायामानं बारीक व्हायचं तर ती माझ्याहून जाड असायला हवी होती!

रंकाळ्यावर म्हाताऱ्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही तेवढी वीस मिनिटंच बघता. ती उरलेला दिवस काय करते ते बघा."

त्या संध्याकाळी मी बघितलं. कुणाला न सांगता, वही न घेता. सहा ते नऊ. मी पेपर तपासत खुर्चीत बसले होते, पाण्यासाठी एकदा उठले. आक्का बावीस वेळा उठली. पाहुणी असून. दाराशी वाजलं की उठायची, कुकरची शिट्टी झाली की उठायची, मुलाची चप्पल उलटी पडलेली दिसली की उठायची. बसली तरी पाय हलत, हात काहीतरी निवडत. आणि तिच्या त्या हलण्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, तीही नाही. मला आमचं गडमुडशिंगीचं घर आठवलं. मी विहाराच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली, ती चुलीपासून हापशापर्यंत, हापशापासून गोठ्यापर्यंत. मी शिकत होते आणि ती चालत होती. तिच्या तीन भाकऱ्यांतली निदान दीड माझ्या वाट्याची कामं करण्यात गेली असणार.

हे सगळं उत्तर नाही, हे मला कळतं. तिची हाडं वडिलांवर गेली, माझी आईवर. तेही त्यात असेल. माझ्या वर्गात आता मी नाडीचं प्रात्यक्षिक घेते तेव्हा पूर्वीसारखं 'सर्वांची सरासरी काढा' म्हणत नाही. आधी फळ्यावर प्रत्येकाचा आकडा लिहायला लावते. एकाच पटांगणात, एकाच घंटेला, सारख्या उड्या मारून आलेली मुलं, आणि फळ्यावर एकासारखा दुसरा आकडा क्वचित. त्यावर मुलं विचारतात, यातला बरोबर कुठला?

मी आक्काला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "सगळेच बरोबर असत्यात की. पर एखादं पोरगं बसल्या बसल्या बी पळत असलं, तर त्याला नुसतं लिहून घिऊ नगंस. त्याच्या घरी सांग."